जाळायचं, गोठवायचं की कापायचं

आमच्या दाजींइतका स्वस्थ न बसणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात शोधून सापडायचा नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान शाहूपुरीत पाण्याच्या मोटारी विकतात आणि गिऱ्हाइकाला एक मोटार दाखवताना बाकी सगळ्यांचे दोष सांगतात. स्वतःला चप्पल घ्यायची झाली, तर दिवसभर दुकानं पालथी घालून संध्याकाळी जुनीच पायात घालून परततात. जेवतानाही तांबड्या रश्शाची वाटी घेऊन घरभर फिरणार. "बसलं की घशाशी येतंय," म्हणायचे. आम्हाला ती त्यांची लकब वाटायची.

जळजळ फारच वाढली तेव्हा आक्कानं त्यांना धरूनच दवाखान्यात नेलं. दुर्बीण घालून पाहिलं, तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं अस्तर बदललेलं. तिथला काढलेला तुकडा तपासून आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा कॅन्सर नाही, पण त्याच्या वाटेवर आहे. आत्ताच काढला तर मोठं ऑपरेशन टळेल."

दुसरा कुणी गप्प झाला असता. दाजींनी विचारलं, "यात व्हरायटी किती हाय?"

बाईंनी शांतपणे सांगितलं. सगळं दुर्बिणीतूनच होतं. खराब भाग कापता येतो, उष्णतेनं जाळता येतो, नाहीतर थंड वायूनं गोठवता येतो. कापलेला तुकडा नीट तपासता येतो, पण नंतर नळी आकसू शकते. जाळण्याचा डॉक्टरांना अनुभव दांडगा, पण छाती दुखते. गोठवण्यात दुखणं कमी, पण ते अजून नवं.

झालं. दाजी सांगलीला जाऊन आले, पुण्याला जाऊन आले. दुकानात गिऱ्हाईक मोटार विचारायचं आणि दाजी अन्ननलिका सांगायचे. बिद्रीच्या एका शेतकऱ्याला त्यांनी विचारलं, "पावणं, तुमी असता तर जाळलं असतं का गोठवलं असतं?" तो बिचारा म्हणाला, "मला हिरीवर मोटार बसवायची हाय."

दिवस चालले होते. एका दुपारी माझ्यासमोरच आक्का म्हणाली, "तुमास्नी निवडायचं न्हाय. तुमास्नी भ्या वाटतंय."

दाजी फिरता फिरता थांबले. "व्हय, वाटतंय की," ते म्हणाले. "मोटार उघडली तर मी शेजारी उभा असतोय. हितं माझ्याच आत जाळ लावणार आणि मी झोपलेला."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "एकच निवडा असं कुणी सांगितलं? मागच्या वेळी ऐकायला थांबलाच नाहीत. तुमच्या नळीत एक उंचवटा आहे, तो आधी कापायचा. ते भरून आलं की उरलेलं सपाट अस्तर जाळायचं."

"म्हंजे दोन्ही लागतंय?" दाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

दोन्ही झालं. छाती दुखली, कित्येक दिवस पेजेवर काढावे लागले, पण अस्तर नीट झालं. गोळ्या मात्र चालू आहेत, आणि अधूनमधून दुर्बीण घालून पाहावंच लागतं. दुर्बिणीच्या दिवशी दाजी कुठलाच प्रश्न विचारत नाहीत. आत जाताना फक्त आक्काला म्हणतात, "डोळं उघडलं की पैल्यांदा तू दिसाय पायजेस." मी चहाला बोलावतो, पण आक्का येत नाही. दाराजवळच्या स्टुलावर, आतून हाक आली की लगेच उठता येईल अशी, पदर सावरून बसून राहते.