मार्तंडचा समुद्र आणि पाहुण्याचा कूलर

झाडीपट्टीतल्या आमच्या नाटक कंपनीत मार्तंड नंदनवार पडदे रंगवायचा. उमरेडच्या विणकर घरातला. माग बंद पडला तसा त्यानं कुंचला धरला. त्याचा समुद्राचा पडदा लागला, की पुढच्या ताडपत्रीवर बसलेली माणसं पाय आखडून घेत. आणि या गृहस्थानं समुद्र कधी पाहिलाच नव्हता! त्या लाटांसमोर नायिका होऊन मी किती रात्री विरहानं रडले. हा विंगेत उभा. चार लोकांत बोलायची वेळ आली, की त्याला घाम फुटायचा.

म्हातारपणी समुद्र त्याच्या घरी आला. नातू मोहित नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि खाऱ्या पाण्याची काचेची टाकी नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या दोन खोल्यांत आजोबांच्या स्वाधीन करून गेला. आत जिवंत प्रवाळ होतं. जांभळं, हिरवं, पाण्यात बोटं हलवणारं. त्याला पाणी लागतं सव्वीस अंशांचं. तिशीपलीकडे गेलं, की ते रंग टाकतं, पांढरं पडतं, मरतं. पाणी थंड करणारं यंत्र ऐन मे महिन्यात बिघडलं. सुटा भाग मुंबईहून यायचा होता. तोवर मार्तंडनं घरातला एकुलता एक कूलर टाकीसमोर आणला. वारा पाण्यावरून गेला, की थोडं पाणी उडून जातं आणि उरलेलं निवतं. उडालेल्याच्या जागी तो फिल्टरचं गोडं पाणी घाली, कारण मीठ आतच राहतं. दोघं नवरा-बायको पंख्याखाली उकडून निघत होती.

अशात मौद्याहून वामनराव आला. मार्तंडच्या बायकोचा, सत्यवतीचा, थोरला भाऊ. नागपुरात लग्न होतं, पण लग्नघरची गर्दी त्याला सोसत नव्हती. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुणा आला, की पाण्याच्या पेल्याआधी कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवतात. मार्तंडनं ते वळवलं नाही. वामनरावानं शेजाऱ्यांना बोलावून बोलावून सांगितलं, की आमचे जवाई मच्छ्यांले कूलर देतात अन् साळ्याले पंखा. मग एके सकाळी त्यानं मार्तंडला खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, आणायला इतवारीच्या बाजारात पिटाळलं. वर चार कामं चिकटवली.

दुपारी परतताना मार्तंड मला गल्लीच्या तोंडाशी भेटला. मी त्यांच्याकडेच निघाले होते.

दार उघडलं आणि आधी वास आला. कुजलेल्या झिंग्यांचा, घशात उतरणारा. कूलरचं तोंड दिवाणाकडे होतं. दिवाणावर वामनराव, बनियन छातीपर्यंत गुंडाळलेली, तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यातून खर्ऱ्याची तांबडी लाळ सत्यवतीच्या धुतल्या उशीवर. उशाशी खर्ऱ्याची भरलेली पुडी. म्हणजे खर्रा होताच! रंगभूमीवर मी पुष्कळ खलनायक पाहिले, त्यांना निदान पोशाख तरी असायचा. हा माणूस मला बघवेना.

टाकीतलं पाणी दुधाळ झालं होतं. प्रवाळाला शेंबडासारख्या तारा सुटलेल्या. तापमापी एकतिसावर. सत्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दादानं वळवला, माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही, एवढंच ती पुटपुटली.

वामनराव जागा झाला. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "काय घाण सुटली गा जवाई. फेकून काहून देत नाही हे?"

मार्तंडनं खर्ऱ्याची पिशवी दिवाणावर ठेवली आणि कूलर ढकलत टाकीसमोर नेला.

"मले गरम होऊन राहिलं ना."

"होऊ द्या, दादा," मार्तंड म्हणाला. "हे तुमच्या आधी आलेले पाहुणे आहेत."

त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. सत्यवतीनं बादली उचलली आणि कूलरमध्ये पाणी ओतू लागली. भावाकडे तिनं पाहिलं नाही. वामनरावानं बॅग भरली आणि लग्नाच्या मांडवात जाऊन यांची अब्रू जेवणाच्या पंगतीत वाढली. ऐकणाऱ्यांनी चवीनं ऐकली, दुसऱ्यांदा मागून घेतली.

निम्मं प्रवाळ गेलं. मार्तंडनं ते चिमट्यानं वेचून ताटलीत काढलं, हाडांसारखं पांढरं. उरलेल्यातलं एक हिरवं अजून बोटं हलवतं. कूलर त्यानं पडद्याच्या जुन्या दोरीनं खिडकीच्या गजाला बांधून टाकलाय, टाकीकडे तोंड करून. मी गेले, की सत्यवती ओशाळून माझ्या हातात पुठ्ठा देते. मी पुठ्ठ्यानं वारा घेत बसते, समुद्राकडे बघत.