बिनपथ्याचं कवच

गोगटे साहेब माझं अभिनंदन करत होते आणि मी मान खाली घालून ते स्वीकारत होतो. गोगटे साहेब आमचे वर्क्स मॅनेजर. लष्करी कारखान्यात आयुष्य काढून आलेले, त्यामुळे कौतुकसुद्धा हुकूम दिल्यासारखं करायचे. अपघात कमी झाले आहेत, दवाखान्यातला कंपाउंडर दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोपतो, ही सगळी तुमच्या पाट्यांची करामत, असं ते म्हणाले. डायरेक्टरांनाही तसं कळवलं होतं.

मी वेलफेअर ऑफिसर होतो. कामगारांच्या तोंडी येलफेर साहेब. नव्या कायद्यानं ही जागा भरणं मालकांना भाग पडलं होतं, पण या माणसानं दिवसभर करायचं काय हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मग कॅन्टीनचा चहा पातळ का, संडासाचं दार लागत का नाही आणि कुणाचं बोट कशात सापडलं, या सगळ्याची उत्तरं मी द्यायची असं ठरलं.

पिंपरीतला आमचा पंपांचा कारखाना तेव्हा नवा होता. आजूबाजूला ज्वारीची शेतं. कामगार बहुतेक जवळच्याच गावांतले. काल औत धरलेला माणूस आज लेथवर उभा. मशीनं एकाच लांब दांड्यावर चालत. छताखाली फिरणारा हा दांडा म्हणजे लाइन शाफ्ट. त्याच्यावरून चामड्याचे पट्टे खाली एकेका मशीनकडे उतरत. सदऱ्याची बाही, धोतराचा सोगा, माणसाचं बोट, जे जवळ येईल ते पट्टा ओढून घेई. बैलाला 'हो' म्हटलं की तो थांबतो. पट्टा थांबत नाही. हे समजायला काहींना बोट द्यावं लागलं होतं.

म्हणून मी गेटपासून आतपर्यंत पाट्या लावल्या होत्या, चालतं यंत्र, सैल कपडे, दारू, गप्पा, प्रत्येकावर एकेक. 'कामगारांस सूचना देण्यात येते की, यंत्र गतिमान असताना त्याच्या कोणत्याही भागास हस्तस्पर्श करू नये.' मला त्या पाट्यांचा अभिमान होता.

अभिनंदन घेऊन मी थेट शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात त्या शेडमध्ये, गेलो. रखमाजी तेलवाला शाफ्टखाली उभा होता. त्याचं काम बेअरिंगना तेल घालायचं. आजवर तो चालत्या शाफ्टला शिडी लावून वर चढायचा आणि मी खालून ओरडायचो. त्या दिवशी त्यानं फोरमनला सांगून शाफ्ट बंद करवला, धोतराचा काचा घट्ट मारला, मग शिडी चढला. मला भरून आलं. खाली उतरल्यावर मी त्याला म्हटलं की पाटी वाचलेली दिसते.

"कंची पाटी?" रखमाजी म्हणाला.

मग त्यानं सदऱ्याचं बटण काढून गळ्यातला काळा दोरा बाहेर ओढला. दोऱ्याला तांब्याची बारीक नळी, दोन्ही तोंडं लाखेनं बंद केलेली. हे यंत्रकवच, त्यानं सांगितलं. गेटबाहेरच्या वडाखाली महाराज बसतात, ते देतात. हे अंगावर असलं की मशीन माणसाला शिवत नाही. पण पथ्य कडक आहे. चालत्या मशीनला हात लावला की कवच उतरतं. अंगावर सैल कापड लोंबलं की उतरतं. पिऊन कामावर आलं की उतरतं. मशीनसमोर उभं राहून शेजाऱ्याशी गप्पा मारल्या तरी उतरतं.

शब्द सोडले तर या माझ्याच पाट्या होत्या.

चौकशी केली तेव्हा समजलं की निम्म्या शॉपच्या गळ्यात कवच आहे. महाराजांनी तप कुठं केलं याबद्दल एकमत नव्हतं. कुणी हिमालय म्हणे, कुणी भीमाशंकर, साचे भरणाऱ्या एका मोल्डरच्या मते ते समुद्राच्या तळाशी बसले होते. पथ्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. लिहिता न येणाराही चारही पथ्यं धडाधड म्हणून दाखवायचा.

मी गोगटे साहेबांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "डायरेक्टरांना मी पाट्या म्हणून कळवलंय. पाट्याच राहू द्या."

माझीही काही हरकत नव्हती. माणूस लोकांना फसवतोय हे दिसत होतं. पण बोटं शाबूत राहत होती. मी तो विषय सोडून दिला, आणि तिथंच राहिला असता तर ही गोष्ट सांगण्यासारखी झाली नसती.

पुढच्या पगाराला महाराजांनी नवा माल काढला. बिनपथ्याचं कवच. किंमत जास्त, नळी पितळेची, आणि काळ्या दोऱ्याऐवजी लाल रेशमी गोफ. हे गळ्यात नाही, उजव्या मनगटावर बांधायचं. हे बांधलं की कसलंही पथ्य नाही. चालत्या मशीनला हात लावा, गप्पा मारा, काहीही करा.

आमच्याकडे ड्रिलवर बबन पैलवान होता. सांगवीचा. जत्रेतल्या कुस्त्या मारलेला, मान आणि खांदा यांच्यात फरक न दिसणारा माणूस. ड्रिल मशीन म्हणजे लोखंडाला भोकं पाडणारं. ज्या मुठीत ड्रिल धरलेलं असतं तिला चक म्हणतात, ती गरगर फिरते आणि भोकातून लोखंडाच्या कुरळ्या चिंध्या बाहेर पडत राहतात. त्या साफ करायच्या तर मशीन थांबवायचं, ब्रशनं झाडायच्या, पुन्हा चालू करायचं. बबनचं काम पीस रेटवर होतं, जितके नग तितके पैसे. पथ्याचं कवच घेतल्यापासून तो इमानानं मशीन थांबवत होता आणि त्याचे नग कमी भरत होते. त्यानं पहिल्याच दिवशी बिनपथ्याचं घेतलं.

मी त्याला मनगटावरचा गोफ काढायला सांगितला. फिरत्या चकजवळ मनगटावर दोरी, यापेक्षा वाईट गोष्ट ड्रिलवर नाही, असं समजावलं. बबननं सगळं आदरानं ऐकून घेतलं आणि गोफ काही काढला नाही. मी गोगटे साहेबांकडून लेखी ऑर्डर आणली. ती पाटीशेजारी लावली. तिचंही तेच झालं.

दोन-चार दिवसांत व्हायचं ते झालं. मी शॉपमध्येच होतो. बबन शेजाऱ्याशी बोलत बोलत चालत्या ड्रिलखालच्या चिंध्या हातानं काढत होता. चकनं गोफ पकडला. पैलवानाचा तो हात, ज्याला दोन माणसं लटकली तरी हलायचा नाही, तो बाहुलीच्या हातासारखा वर ओढला गेला. फोरमन पट्टा सरकवून मशीन थांबवायच्या दांडीकडे धावला. मीही धावलो. आम्ही दोघंही पोचलो नाही. त्याआधीच गोफ तुटला. बबन मागं खोक्यांच्या ढिगावर पडला आणि पितळी नळी शॉपच्या दुसऱ्या टोकाला पत्र्यावर टणकन आपटली.

मनगट सोलून निघालं होतं. हाड मोडलं नव्हतं, बोटं पाचही होती. मी बबनच्या शेजारीच खोक्यांवर बसून त्याचं मनगट माझ्या रुमालात गुंडाळलं.

नंतर मी गोफाचे तुकडे गोळा केले. रेशीम कसलं, लाल रंगात बुडवलेलं जुनं सूत होतं, बोटानं ओढलं तरी सुटत होतं. खरं रेशीम असतं तर हात गेला असता. महाराजांनी दोऱ्यात लबाडी केली म्हणून बबन वाचला.

हे मी शॉपला समजावून सांगायला गेलो, पण उशीर झाला होता. कवचानं स्वतःवर घेतलं आणि पैलवानाला सोडलं, असा निकाल सगळ्यांनी आधीच लावून टाकला होता. संध्याकाळी वडाखाली रांग होती.

गोगटे साहेबांनी पोलिसात जायला सांगितलं. मी गेलो. जमादारानं शांतपणे ऐकून विचारलं की फसवलं कुणाला, त्याला घेऊन या. फसलो असं म्हणणारा एकही माणूस माझ्याकडे नव्हता.

मग मी स्वतःच वडाखाली गेलो. दुसऱ्या दिवशी, पहिली पाळी सुटायच्या जरा आधी. महाराज एकटेच होते. पन्नाशीचा, बारीक, स्वच्छ माणूस. उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपाची माळ झाकायच्या त्या पिशवीत, आणि व्यवहार सगळा डाव्या हातानं. त्यांनी मला बसायला चवाळं दिलं आणि शेजारच्या सिंधी चहावाल्याला खूण केली.

मी आडपडदा ठेवला नाही. पथ्याचं कवच विका, मी आड येणार नाही, पण दुसरं बंद करा, असं म्हटलं. माणसाचा हात जात होता.

"मलाही पटतं," महाराज म्हणाले. "पण गिऱ्हाईक मागतं, साहेब. पथ्य कुणाला आवडतं?"

मी विचारलं की पथ्यं इतकी नेमकी कुठून आणली. ते नुसते हसले. तुमची पाटी चांगली आहे, म्हणाले, पण ती वाचताना असं वाटतं की कुणावर तरी खटला भरलाय.

यावर मी काही बोलणार तेवढ्यात भोंगा झाला आणि माणसं बाहेर पडली. सगळ्यांत पुढं बबन, मनगटाला बँडेज, दुसऱ्या हातात नारळ. मागं रखमाजी आणि बरीच मंडळी. बबननं नारळ ठेवला, महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. तेवढ्यानं त्याचं समाधान होईना. ज्या हातांनी कवच दिलं ते हात डोक्यावर ठेवा म्हणून त्यानं महाराजांचे दोन्ही हात धरून आपल्याकडे ओढले. महाराज उजवा हात मागं घेऊ लागले. पण पैलवानाच्या प्रेमापुढं त्यांचं काय चालणार? हात बबनच्या डोक्यावर आला आणि गोमुखी गळून खाली पडली.

उजव्या हाताला तीनच बोटं होती. मधलं आणि त्याच्या शेजारचं मुळापासून गेलेलं.

कारखान्यातल्या माणसांना असा हात ओळखायला वेळ लागत नाही. बबन गुडघ्यावर बसूनच वर बघत होता. रखमाजी पुढं आला.

"म्हाराज, ही बोटं कुठं ग्येली?"

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन असं त्यांना वाटलं असावं. पण मला काहीच माहीत नव्हतं.

"गिरणीत," ते म्हणाले. "पट्ट्यात."

"तवा कवच न्हवतं?"

नव्हतं, एवढं म्हणून त्यांना सुटता आलं असतं. सगळ्यांनी मान डोलावून नारळ फोडला असता. पण त्यांनी तो हात सगळ्यांना दिसेल असा पुढं धरला.

"होतं," महाराज म्हणाले. "बिनपथ्याचं होतं."

ते खरं होतं की त्या क्षणी सुचलं होतं, मला आजही सांगता येत नाही. मी नोकरीभर सुरक्षेवर भाषणं दिली, पण त्या दोन शब्दांचं काम एकाही भाषणानं केलं नाही. बबननं बँडेजवरून हात फिरवला. मागच्या मंडळींपैकी एकानं मनगटावरचा लाल गोफ सोडायला सुरुवात केली, मग दुसऱ्यानं.

मला वाटलं, झालं, आता महाराजांना मार बसणार. मी मध्ये पडायला उठलोसुद्धा. पण मी या लोकांना पुरतं ओळखलं नव्हतं. त्यांनी आपसांत विचार केला आणि असं ठरवलं की बिनपथ्याचं कवच खोटं, म्हणजेच पथ्याचं खरं. महाराजांनी पितळी नळ्या परत घेऊन तांब्याच्या बदलून द्याव्यात. महाराजांनी तिथंच बसून सगळ्यांना बदलून दिल्या. बबननं आपली मागितली तेव्हा त्याला एक जादा पथ्य मिळालं. मनगटावर काहीही बांधायचं नाही.

हे मी गोगटे साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे फ्रॉड चालूच आहे."

मी म्हटलं, "हो. पण आता आपल्या बाजूनं."

महाराज त्यानंतर फार दिवस टिकले नाहीत. कुणी हाकललं नाही. प्रत्येकाच्या गळ्यात एक कवच झालं, तांबं काही झिजत नाही आणि नवीन भरती बंद होती. एका पगाराला वडाखाली कुणीच नव्हतं. चाकणच्या बाजारात दिसले, असं कुणीतरी म्हणालं. तिकडे तेव्हा कारखाने नव्हते, म्हणजे तिथं ते पिकावरची कीड थांबवत असावेत.

मी जुन्या पाट्या उतरवल्या आणि नव्या रंगवून घेतल्या. 'सूचना' काढून तिथं 'पथ्य' लिहिलं, खाली चार ओळी, रखमाजी म्हणायचा तशाच. गोगटे साहेबांनी मंजुरीची सही करताना मराठी फार गावंढळ झाल्याचा शेरा मारला. पेंटर दुसरी पाटी रंगवत होता तेव्हा बबन मागं येऊन उभा राहिला. त्याला अक्षरं लावून वाचता येत असत. त्यानं पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि मला बाजूला घेऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं की कंपनीनंही महाराजांकडून कवच घेतलं का.

मी हो म्हटलं. वेलफेअरच्या कामात सत्य सांगावंच, पण आधी माणसानं मशीन बंद केलंय का ते बघून.