न्हाणीमागचं अळू

पाटोद्यात गेल्या साली कुजबुज होती, की हाफिजानं पोटुशी उज्ज्वलाला अळवाची पानं नाकारली ती निव्वळ जळून. स्वतःच्या सुनेची कूस उजवेना, म्हणून म्हणे शेजारणीचे डोहाळे हिला बघवेनात! बातमी मंजुळाबाईंच्या ओट्यावरून निघाली. चौकात पोचेस्तोवर हाफिजानं उज्ज्वलाला उंबऱ्यावरून हाकलूनही दिलं होतं.

हाफिजा म्हणजे जमील कल्हईवाल्याची बायको. तोंडाची फटकळ, हाताची सढळ. न्हाणीच्या सांडपाण्यावर तिनं अळू असं माजवलं होतं, की अर्ध्या गल्लीच्या वड्या त्यावर व्हायच्या. कल्हई आता कोण करतंय? बायका जमीलकडे आणायच्या ते नॉनस्टिकचे तवे. उडालेला काळा थर खरवडून तवा पांढरा करून द्यायचा, हा त्याचा नवा धंदा. घासणं-धुणं न्हाणीतच.

बीडला कॉलेजात शिकणारी त्याची भाची जोया सुट्टीला आली. काळं पाणी अळवाकडं चाललेलं बघून हाफिजाला म्हणाली, "मुमानी, असल्या थरांत, जुन्या तर जास्तच, अशी रसायनं असतात की ती कुजत न्हाईत. मातीत तशीच राहतात. रेनकोटवर मारायचा फवाराबी तसलाच."

"साबण लई टाकला तर?"

"साबणानं न्हाई जात."

"पानात उतरतात?"

"उतरू शकतात. तुमच्या पानात किती, ते तपासल्याबिगर कोण सांगणार?"

होय म्हणाली असती तर हाफिजा तिच्याशी भांडली तरी असती. माहीत नाही म्हणणाऱ्याशी भांडायचं कसं?

त्याच आठवड्यात उज्ज्वला ताट घेऊन दारात. "चाची, चार पानं द्या. वडीवर जीव गेलाय."

"न्हाई."

"कावून?"

"न्हाई म्हणलं ना, पोरी!"

कारण सांगावं तर जमीलचे तवे बंद, वर आजवर वड्या खाल्लेली सगळी गल्ली दारात. न सांगावं तर बदनामी. बाईनं बदनामी पत्करली.

डोहाळजेवणाचं बोलावणं तिला आलं नाही. दिवेलागणीला उज्ज्वलाच आली, हिरव्या साडीत, फुलांची वाडी भरलेली.

"चाची, माझं काय चुकलं?"

जमील तवा घासत होता. हाफिजानं त्याच्याकडं पाहिलं. "सांगते मी हिला."

त्यानं हातातला काथ्या खाली ठेवला. "सांग. पर मग हे पाणी टाकू कुठं, तेबी सांग."

ते तिलाही ठाऊक नव्हतं. बाकीचं तिनं सगळं सांगितलं.

उज्ज्वलानं पोटावर हात ठेवला. "मी तर लगीन झाल्यापासून खातेय."

"मीबी," हाफिजा म्हणाली.

जमीलनं तवे घेणं सोडलं. अळू उपटलं, माती मात्र आहे तिथंच आहे.

हाफिजा जळत नव्हती. अळवाला खरवडलेल्या तव्यांचं पाणी जात होतं, म्हणून तिनं पोटुशी बाईला पानं दिली नाहीत.