ठेका नसलेलं भजन

आळेफाट्याच्या गॅरेजात पिकअपचं काम चाललं होतं आणि मी बाकड्यावर बसून मोबाइलवर भजनं ऐकत होतो. एक संपलं आणि आपोआप भलतंच सुरू झालं. ना टाळ, ना पेटी, ना पखवाज. दहा-बारा बाप्ये एकाच सुरात, एका दमात गातायत. खाली लिहिलं होतं, युरोपातल्या मठांमधली शेकडो वर्षांपूर्वीची प्रार्थना. शब्द एक कळेना, पण आईशप्पथ, अंगावर सर्रकन काटा आला! मला डोळे पुसताना बघून मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, कोण गेलं का?" आता ह्याला काय सांगायचं, कपाळ!

कधी एकदा गावात पोचतोय आणि भजनी मंडळाला ऐकवतोय असं झालं. खरं तर ऐकवायचं होतं माझ्या चुलत्यांना. उभा जन्म मंडळाचा पखवाज त्यांनी वाजवला. गेल्या साली लकवा मारला आणि उजवा हात लुळा पडला. घर देवळासमोर, पण तेव्हापासून पायरी चढले नव्हते. "हात गेला, भजन गेलं," एवढंच म्हणायचे. मला रागही यायचा आणि वाईटही वाटायचं. त्या दिवशीही बोलावलं, तर तोंड फिरवून बसले.

देवळात स्पीकर लावला. सगळे जवळ सरकले. मग सवयच ती, टाळकऱ्यांनी टाळ उचलले, नव्या पखवाजवाल्यानं ठेका धरला. बसेना!

"सम कुठंय ह्याची?"

"लई सावकाश हाय, दुप्पट घे."

जो तो शहाणा! टाळांच्या खणखणाटात गाणंच बुडालं. मी वैतागून ओरडणार, तेवढ्यात दारातून आवाज आला, "ठेवा रं ते टाळ खाली! त्याला ठेका न्हाईच. श्वासावर चाललंय ते. ऐका जरा."

चुलते! पायरी चढून आत आले होते. मी नुसती सरकून जागा केली, न जाणो माघारी फिरायचे. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. आणि लुळा हात मांडीवर ठेवून आमचाच रोजचा अभंग त्यांनी तसाच उचलला, ठेक्याशिवाय, श्वास पुरेल तिथवर. आम्ही मागून सूर धरला.

उठताना ते पखवाजवाल्याला म्हणाले, "उद्या माझ्या अभंगाला मधी वाजवू नगं, राव."

उद्या म्हणाले! मी नाचायचाच काय तो बाकी राहिलो.