मेलेल्या बाईच्या हातचं जेवण

मरणाची बातमी कानावर पडताच आधी बेसनाचा डबा शोधणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की परदेशातल्या अख्ख्या सत्रात तोच माझा खोलीतला जोडीदार होता. कॉलेजनं आम्हा दोघांना लंडनला धाडलं होतं. मी मलकापूरचा, म्हणजे रेल्वेच्या गावचा, त्यामुळे स्वतःला उगाच शहरी समजणारा. तो डोणगावचा, आणि लंडनमध्येही डोणगावातच राहणारा. बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला तो खुशाल त्याचं गाव विचारी. लिफ्टमध्ये कुणी काळे कपडे घालून आलं की याचा चेहरा उतरे आणि मला कोपर मारून म्हणे, "यायच्या घरचं कोन गेलं असन बे?" रोज संध्याकाळी फोनवर तो बापाला रस्ता दाखवी. बाप बराच वेळ बघून म्हणे, "सारं बेस हाय, पन रस्त्यात एकबी ढोर काऊन नाई?"

मरणाची ही काळजी बापाकडूनच आलेली. आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-पोळ्या नेऊन देतात. डोणगावात तो पहिला डबा याच्या बापाचा असायचा. डबा ठेवायचा, जवळ बसायचं आणि 'येतो' न म्हणता मुकाट्यानं उठून यायचं. लेकाला हे शाळेच्या आधी शिकवलं होतं.

एके दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या बाईला स्ट्रेचरवरून नेताना यानं पाहिलं. मी वर्गातून परतलो तर हा शेजारच्यांच्या घरात मान खाली घालून जमिनीवर बसलेला, आणि म्हातारा नवरा मन लावून पोळी-पिठलं खातोय. "फार छान आहे, पण हे कशाबद्दल?" त्यानं मला विचारलं. मी आपला रीत समजावून मोकळा झालो. म्हाताऱ्याचा घास तोंडातच राहिला. "अहो, तिचा पाय मोडलाय फक्त!"

बाई कुबड्यांवर घरी आली आणि आधी आमचं दार वाजवलं. "माझ्या मरणाचं जेवण माझ्या नवऱ्यानं एकट्यानं संपवलं. माझा वाटा कुठाय?" त्यानंतर लिफ्टमध्ये भेटली की ती याला हसून सांगे, "अजून आहे हं मी!" हा कान पकडी.

मग एका सकाळी याचा बाप गेला. शेतातून आला, खाटेवर टेकला आणि संपला. कितीही घाई केली तरी विमान पोचेपर्यंत सगळं उरकणार होतं. बापाला अग्नी देताना यानं फोनवरच पाहिलं. ज्या बोटांनी बापाला रस्ता दाखवायचा, त्याच बोटांनी फोन धरून बसला होता. मी भाताचं पातेलं विजेच्या शेगडीवर ठेवलं, तर यानं बटण बंद केलं. "आज पेटवू नको."

"अरे, शेजारी समज मला!"

"तू काऊन शेजारी? तू तं घरचाच हाय बे."

दुसऱ्या दिवशीही हा उपाशीच. एवढ्या अफाट शहरात माझ्या मित्राच्या तोंडात घास घालायला घराबाहेरचं माणूस कुठून आणायचं? शेवटी मी शेजारचं दार वाजवलं.

संध्याकाळी बाई कुबडीवर आली, मागं नवरा वाफाळतं पातेलं घेऊन. तिनं वाटी भरून याच्या पुढ्यात धरली. "मेलेली बाई जेवण घेऊन आलीय. तिला परत पाठवू नये." हा हसला, मग हमसून रडला, मग जेवला. डाळीचं सार होतं, पार अळणी. दोघं बराच वेळ बसून राहिली आणि काही न बोलता उठून गेली. रीत त्यांना पाठ झाली होती.

आता तो डोणगावात असतो, बापाचा डबा त्याच्या हाती आलाय. मी पुण्यात. परवा लंडनच्या म्हाताऱ्यानं दोघांनाही कळवलं, की बाई गेली. या वेळी खरंच. तासाभरात डोणगावहून फोन.

"बुढ्याले साधा चायबी येत नाई बे. त्याच्या घरी डबा कोन नेईन?"

त्या संध्याकाळी मी माझ्याही घरात गॅस पेटवला नाही.