टाकीतला लव्हाळा

लग्नानंतर आमचं बिऱ्हाड सोमेश्वरनगरला होतं. नवरा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर उसाच्या रसाची गोडी मोजायचा आणि घरी आला की पाण्याचा खारटपणा. कारण आमच्या बाहेरच्या खोलीत, कॉटला लागून, समुद्र होता. चार फुटी काचेची टाकी, तिच्यात दोन नारिंगी मासे आणि जिवंत प्रवाळ. अलिबागचा एक मित्र दुधाच्या कॅनमधून खारं पाणी पाठवायचा. पाहुणे आले की आधी टाकीला नमस्कार करायचे, मग सासू-सासऱ्यांची खुशाली विचारायचे.

एकदा मित्राने पाठवलेल्या खडकावर नखाएवढा तपकिरी झुबका दिसला. छोट्या माडासारखा, पाण्यात डुलणारा. मी हरखून शेजारणींना बोलावलं, "आमच्या समुद्राला फूल आलंय." चहापोहे झाले. पुढच्या महिन्यात फुलं बारा झाली, आणि ज्या प्रवाळाला ती टेकली तो मिटून बसला. नवऱ्याने मित्राला फोन केला. मित्र म्हणाला, "अरे, ते फूल कसलं, समुद्रातला प्राणी तो. टाकीतलं तणच. डंख मारून सगळं मारेल."

नेमके त्याच आठवड्यात सासरे इंदापूरहून दोन दिवसांसाठी आले होते. शेती धाकट्या दिराकडे सोपवल्यापासून त्यांच्या हातांना काम नव्हतं. 'तण' हा शब्द कानावर पडला आणि ते टाकीसमोर खुर्ची ओढून बसले.

"लव्हाळाच हाय ह्यो. उपटल्याबिगर जायचा न्हाय."

दुपारी नवरा कामावर असताना त्यांनी बाही वर सारली आणि माझा चिमटा घेऊन खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. फूल धरलं की खडकाच्या भोकात शिरायचं, ओढलं की तुटायचं. तासाभरात सगळ्यांच्या चिंध्या झाल्या. "झाली खुरपणी," म्हणत त्यांनी हात पुसले.

खुरपणीचा निकाल बघायला सासरे आठवडाभर थांबले, आणि प्रत्येक चिंधीतून एक नवं फूल उभं राहिलं. सासरे मोजत मोजत मध्येच थांबले. "सूनबाई, आपण उसावानी लागण केली गं," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते बारामतीला शेतीच्या औषधांच्या दुकानात गेले.

"कुठल्या पिकात हाय तण?" दुकानदाराने विचारलं.

"पिकात न्हाय. समुद्रात हाय."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घरातल्या टाकीत."

"मग शेवाळ आसंल, तात्या. मोरचूद टाका."

"मोरचुदानं प्रवाळ जळंल का?"

"प्रवाळाचं क्षेत्र किती हाय?"

सासऱ्यांनी दोन्ही हात पसरून क्षेत्र दाखवलं. दुकानदाराने आम्हाला एक फुकटचं कॅलेंडर दिलं आणि मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं.

संध्याकाळी मोरचुदाचं नाव ऐकून नवरा किंचाळलाच. मोरचुदातल्या तांब्याने प्रवाळ आधी मेला असता. पुन्हा मित्राला फोन. उपाय निघाला: दाट चुना सिरिंजमध्ये भरून थेट फुलाच्या तोंडात सोडायचा. नवरा लॅबमधून चुना आणायचा विचार करत होता, तोवर सासऱ्यांनी बंडीच्या खिशातून तंबाखूची डबी काढून पुढे धरली.

"ह्यो चालंल का?"

चालला. फुलाने चुना खाऊ समजून गिळला आणि ते आक्रसून गोळा झालं. "खाल्लं रं, खाल्लं!" सासरे ओरडले. पण एका वेळी फार चुना घातला तर पाणी बिघडतं, म्हणून रोज सकाळी दोनच फुलांना डोस द्यायचे. असा सासऱ्यांचा मुक्काम लांबत गेला. सासूबाईंचा फोन आला, "तितं करताय तरी काय?"

"कामात हाय."

"कसल्या?"

"समुद्राच्या," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

एका सकाळी मिटलेला प्रवाळ उघडला. बापलेक एरवी एकमेकांशी फारसं बोलायचे नाहीत. त्या दिवशी दोघं टाकीसमोर मांडीला मांडी लावून बसले. "उघडलं," सासरे म्हणाले. "व्हय," नवरा म्हणाला. कितीतरी दिवसांनी मी त्याच्या तोंडून 'व्हय' ऐकलं. कारखान्याला जायला त्याला उशीर झाला.

निघताना सासऱ्यांनी शेवटचं फूल मागून घेतलं, भावकीला दाखवायला. लोणच्याच्या बरणीत खाऱ्या पाण्यासकट ते मांडीवर घेऊन ते एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, "बरणीत काय हाय, आबा?"

"तण."

"इंदापुरात तण न्हाय व्हय?"

सासऱ्यांनी तिकिटाचे पैसे पुढे केले.

बरणी त्यांच्या खिडकीत राहिली. सासूबाई आधी नाक मुरडायच्या, मग सुकटीचा तुकडा भरवायला लागल्या. पुढच्या सणाला आम्ही गेलो तेव्हा सासरे रुसून ओसरीवर बसले होते.

"तिच्या हातनं खातंय," ते मला म्हणाले. "मी गेलो की तोंड मिटतंय."