पालथ्या घागरीवरून अमेरिका

दुबईपासून लॉस एंजेलिस साडेतेरा हजार किलोमीटर, विमानाले सोळा तास. पोरीनं हे मले जायच्या आधी दहा खेपा सांगतलं. मी दहाही खेपा मान डोलावली. तांड्यात मले कोनी शहाना म्हनत नाई, पन मान डोलवाव तं मीच.

पोरगी शिकाले चालली होती. हैद्राबादहून दुबईले पोचली, तिथून मोठ्या विमानात बसली. जाताना बुढीच्या, म्हंजे माझ्या बायकोच्या, पोरीच्या याडीच्या फोनात नकाशा लावून गेलती. त्यात विमान दिसे, माशीएवढं. मी सकाळपासून त्या माशीवर डोळे लावून बसलो, जसा काई मीच हाकलून राह्यलो.

नकाशात दुबई मधात, अमेरिका डाव्या हाताले. म्हंजे सरळ डावीकडे जाचं काम. पन दुपारनंतर पाह्यतो, तं माशी वरवर चाललेली! वर बर्फ, अन् बर्फाच्या वर तं नकाशाच संपते.

"अवं, पायलट वाट चुकला!" मी बोंबललो.

बुढी चुलीपासून म्हने, "तुमाले कसं समजलं?"

मले नाई समजन तं कोनाले? मी उमरखेडहून ढाणकीले निघून किनवटले उतरलेला मानूस हाय. बरं, झोप लागली नव्हती. चांगला जागा होतो, खिडकीतून पाहून राह्यलो होतो. वाट चुकलेल्याची चाल मले दुरून ओळखू येते.

चप्पल घातली अन् नायकाच्या घरी निघालो. नायक म्हंजे तांड्याचा मोठा मानूस. तो आमदाराले फोन लावन, आमदार पायलटले लावन, असा माझा हिशोब.

बुढी दारात आडवी झाली. "बसा खाली. पोरगी मले शिकवून गेली. म्हने, याडी, बा घाबरीन, तवा हे कर."

तिनं पितळेची घागर पालथी घातली. चुन्याचं एक बोट इकून लावलं, एक तिकून. "हे दुबई. हे पोरीचं कॉलेज. बूड हाय, तो बर्फ." मंग काचळीवर, म्हंजे चोळीवर, भरत भरायचा लाल धागा तिनं माझ्या हातात देला. "जोडा आता."

मी पोटावरून गुंडाळला. पुरला नाई. वढला, तरी नाई. मंग बुडावरून ताणला. पोचला, अन् वर वीतभर उरला.

"नकाशा सपाट हाय, धरती नाई," बुढी म्हने.

पालथ्या घड्यावर पानी म्हन्तात, तो घडा आमच्या घरी मीच. पन त्या दिवशी घड्यात पानी शिरलं. आमचे जुने लोक बैलावर मीठ लादून निघत, तं रांगतं पोर सोडून जात अन् येऊन धावतं पाहत. अन् माझी लेक एका दिवसात धरतीच्या टाळूवरून चालली होती. तिथं ना तांडा, ना वाट, ना कोनाची बैलगाडी. मी त्या बुडावर हात ठेवून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बकऱ्या सोडताना फोन आला.

"बा, पोचली मी."

मी इचारलं, "वाटेत काय दिसलं वं?"

"पांढरं, बा. कितीक वेळ नुसतं पांढरं. एक झाड नाई."

"भेव नाई वाटलं?"

"वाटलं. मंग म्हनलं, बा तिकडं घागर धरून बसला असन."

"मी कायले धरू घागर?"

बुढी मागून वरडली, "रातभर सोडली नाई वं! शेजारनीच्या हंड्यानं पानी आनलं मी!"